हरवलेले वर्ष



दहशतवादाशी झुंजणाऱ्या समाजाला शस्त्राइतकीच नोंदवहीचीही गरज असते, एवढेच आज मला सांगावयाचे आहे.

अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठात दहशतवादी हल्ल्यांचा एक प्रचंड माहितीसंग्रह सिद्ध झाला. १९७० पासूनच्या नोंदी असलेल्या या संग्रहाचा आधार जगभरचे अभ्यासक घेत आले आहेत. त्याचा पाया म्हणजे पिंकर्टन या खासगी संस्थेने ठेवलेली टिपणे. परंतु त्या संस्थेचे कार्यालय हलविताना १९९३ सालची टिपणे गहाळ झाली! पुढे संशोधकांनी काही नोंदी परिश्रमपूर्वक जमविल्या. मात्र त्या अपुऱ्या असल्याने मुख्य संग्रहाबाहेरच ठेवाव्या लागल्या.

१९९३ म्हणजे काय, हे मुंबईकराला सांगावे लागत नाही. १२ मार्चच्या त्या दुपारी शेअर बाजारापासून दादरच्या प्लाझापर्यंत स्फोटांमागून स्फोट झाले. २५७ निरपराधांचे प्राण गेले. आणि अभ्यासकाच्या आलेखात नेमके तेच वर्ष कोरे! कोरी जागा म्हणजे शांतता नव्हे, हे त्याला कोण सांगणार?

इतरांना दोष देऊन भागणार नाही. आपल्या घावांची नोंद आपणच ठेवावयास हवी. निकालपत्रे, साक्षी, जखमींच्या हकीकती यांचा साक्षेपी संग्रह आपल्या विद्यापीठांतून उभा राहिला पाहिजे. संताप चार दिवसांत ओसरतो. नोंद पिढ्यान्‌पिढ्या टिकते. आपल्या घरातील एखादा तरुण या अभ्यासाकडे वळला, तर तीही राष्ट्रसेवाच होय.