गर्दीची जागा, रोजची जागा



सौंसरजवळच्या जामसांवलीला तुमच्यापैकी बहुतेकजण जाऊन आलेले असतील. पिंपळाखालच्या निजलेल्या हनुमंताच्या दर्शनाला छिंदवाड्याकडून माणसं येतात, तशीच नागपूरहूनही येतात. मंगळवारी-शनिवारी रांग लागते, हनुमान जयंतीला पाय ठेवायला जागा नसते आणि इतर दिवशी आवार बरंचसं रिकामं असतं. बरं होण्याच्या आशेनं आपल्या आजारी माणसाला घेऊन दिवसचे दिवस मुक्काम करणारी कुटुंबंही इथं असतात. या सगळ्यांना एकच आवार पुरायला हवं.

ऑगस्ट २०२३ मध्ये इथं 'श्री हनुमान लोक' या मंदिर परिसराच्या योजनेचं भूमिपूजन झालं. योजना ३१४ कोटींची. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आलं. रस्ते, गाड्या, वस्ती, सगळंच आता वाढणार. अशा वेळी भव्य बांधण्याचा मोह होतो, आणि मला काळजी वाटते ती त्याचीच. एकदा दगडी भिंत उभी राहिली की तिथं पंगतही बसत नाही आणि बाजारही भरत नाही.

मोकळी जागा राखता येते. पंढरपुरात वारकऱ्यांच्या मुक्कामासाठी पासष्ट एकर जागा राखली आहे. वारीच्या दिवसांत तिथं राहुट्यांचं गाव वसतं आणि उठतंही. उलट, नागपूरच्या दीक्षाभूमीवर भूमिगत वाहनतळाचं खोदकाम सुरू झालं, तेव्हा १ जुलै २०२४ रोजी लोकांनी ते थांबवायला लावलं. स्तूपाला आणि बोधिवृक्षाला धक्का बसेल ही त्यांची भीती होती. ज्यांची जागा, त्यांना आधी विचारायला हवं होतं.

जामसांवलीत मला हवं आहे ते साधं आहे. पाणी आणि वीज जमिनीखालून ठिकठिकाणी आणलेली असावी. मांडवाचे खांब रोवायला फरशीतच खाचा ठेवाव्यात, म्हणजे दरवेळी फरशी फोडावी लागणार नाही. पावसाचं पाणी जाम नदीकडे नीट वाहून जावं. शौचालयं कडेला, पण म्हातारी माणसं चालत जाऊ शकतील इतकी जवळ. मुक्कामी बायांना रात्री निर्धास्त झोपता येईल असा आडोसा हवा. आणि झाडं भरपूर, कारण उन्हाळ्यात आपल्याकडची तापलेली फरशी अनवाणी पायांना सोसत नाही.

सौंसर-पांढुर्ण्याच्या श्रोत्यांनो, पुढच्या ग्रामसभेत या कामाचा नकाशा मागा. रिकामी जागा किती राखली आहे, हे आधी विचारा.