भावना दुखावल्या, पुढे काय?



या जिल्हा साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद तुम्ही वकिली करणाऱ्या एका लेखकाला दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बोलीभाषा, मराठी शाळा, ग्रंथालयांचं रखडलेलं अनुदान हे विषय या व्यासपीठावरून मांडायला हवेत आणि दोन दिवसांच्या परिसंवादांत ते येणारच आहेत. मी मात्र एकाच गोष्टीवर बोलणार आहे. धर्मभावना दुखावल्याचा गुन्हा, आपल्या हातातला मोबाईल आणि लिहिणाऱ्याचं स्वातंत्र्य या तिन्हींची जी गाठ पडली आहे, ती मी न्यायालयाच्या आवारात रोज बघतो. लेखकांच्या सभेत तिच्यावर बोललं जात नाही याची मला खंत आहे.

भारतीय दंड संहितेतलं कलम २९५अ आता भारतीय न्याय संहितेत कलम २९९ झालं आहे. क्रमांक बदलला, मजकूर जवळपास तोच राहिला. हे कलम १८६०च्या मूळ संहितेत नव्हतं. लाहोरात १९२४च्या सुमारास 'रंगीला रसूल' नावाची पुस्तिका निघाली, पैगंबरांवर चिखलफेक करणारी. प्रकाशक राजपाल यांच्यावर दोन समाजांत वैर पसरवल्याच्या कलमाखाली खटला झाला. १९२७ मध्ये लाहोर उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती दलीप सिंग यांनी त्यांना सोडलं. लिखाण निंद्य आहे, पण दिवंगत धर्मपुरुषावरची टीका या कलमात बसत नाही, असा त्यांचा कायदेशीर निष्कर्ष होता. त्यावर मोठं आंदोलन पेटलं आणि त्याच वर्षी केंद्रीय विधिमंडळाने २९५अ आणलं. विधेयक चिकित्सा समितीकडे गेलं, तेव्हा 'हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीने' ही अट अधिक घट्ट झाली. समितीत बॅरिस्टर जिना होते. इतिहास लिहिणारे, सत्याचा शोध घेणारे आणि धर्माची प्रामाणिक चिकित्सा करणारे यांना या कायद्यापासून संरक्षण मिळालंच पाहिजे, असं त्यांनी सभागृहात बजावलं होतं. राजपाल यांचा १९२९ मध्ये दुकानातच खून झाला. कायदा झाल्याने भावना शांत होतील ही अपेक्षा अशी दोन वर्षांतच फोल ठरली.

पुढे फाळणी झाली. एकच दंड संहिता दोन देशांत वाटली गेली. पाकिस्तानात झिया-उल-हक यांच्या राजवटीत, १९८६ मध्ये, २९५-क जोडलं गेलं. पैगंबरांचा अवमान थेट वा आडवळणाने, सूचकपणे केला तरी गुन्हा, आणि १९९०च्या शरियत न्यायालयाच्या निकालानंतर शिक्षा एकच, मृत्युदंड. १९२७ साली घातलेली हेतूची अट या कलमात नाही. जिनांनी बजावलेली गोष्ट त्यांच्याच देशाने अशी पुसून टाकली. आसिया बीबी या शेतमजूर बाईवर २००९ मध्ये आरोप झाला. पाण्यावरून शेतात झालेल्या भांडणातून तो आला होता. तिची बाजू घेणारे पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर यांना २०११ मध्ये त्यांच्याच अंगरक्षकाने गोळ्या घातल्या, दोन महिन्यांत मंत्री शाहबाज भट्टी मारले गेले. बाई निर्दोष सुटली ती २०१८ मध्ये. मुलतानच्या विद्यापीठातला अध्यापक जुनैद हफीज फेसबुकवरच्या मजकुराच्या आरोपावरून २०१३ मध्ये तुरुंगात गेला, २०१९ मध्ये त्याला फाशीची शिक्षा झाली. त्याचं वकीलपत्र घेणारे रशीद रहमान यांना २०१४ मध्ये त्यांच्या कार्यालयात मारलं. रशीद रहमान माझ्या व्यवसायातले होते, म्हणून हे नाव मी इथे मुद्दाम घेतो. मर्दानच्या विद्यापीठात १३ एप्रिल २०१७ रोजी मशाल खान या विद्यार्थ्याला जमावाने ठार केलं. त्याने समाजमाध्यमांवर धर्माचा अवमान केला, अशी आवई होती. चौकशीत तसा एकही पुरावा मिळाला नाही.

आपल्याकडे एवढं नाही, हे खरं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९५७ मध्ये रामजीलाल मोदी खटल्यात २९५अ वैध ठरवलं, पण हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीने केलेला, गंभीर स्वरूपाचा अवमानच त्यात येतो, नकळत झालेला नाही, असं बंधनही घातलं. महेंद्रसिंग धोनीला एका नियतकालिकाने मुखपृष्ठावर विष्णूच्या रूपात दाखवलं, तो खटला २०१७ मध्ये याच कसोटीवर रद्द झाला. म्हणजे निकालांच्या पुस्तकात लेखक बऱ्यापैकी सुरक्षित आहे. प्रश्न निकालाआधीच्या काळाचा आहे.

हा गुन्हा दखलपात्र आहे, अजामीनपात्र आहे. न्यायालयाने दखल घेण्यासाठी सरकारची मंजुरी लागते, पण गुन्हा दाखल करायला आणि माणूस उचलायला ती लागत नाही. पूर्वी पुस्तक जिथे विकलं जाई तिथे तक्रार होई. आता मजकूर प्रत्येक गावातल्या मोबाईलवर दिसतो, म्हणून कुठल्याही ठाण्यात फिर्याद होऊ शकते. पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेन यांच्यावर देशभर अशाच फिर्यादी झाल्या. दिल्ली उच्च न्यायालयात न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी २००८ मध्ये त्या रद्द केल्या. हुसेन तोवर देश सोडून गेले होते. ते परत आले नाहीत, २०११ मध्ये लंडनमध्ये वारले. पत्रकार मोहम्मद झुबैर यांनी १९८३च्या 'किसी से ना कहना' या हृषीकेश मुखर्जींच्या चित्रपटातलं एक दृश्य २०१८ मध्ये ट्विटरवर टाकलं होतं. हॉटेलच्या पाटीवर 'हनिमून'चं 'हनुमान' झालेलं, एवढंच ते दृश्य. सेन्सॉरने संमत केलेलं, दूरदर्शनच्या पिढीने घराघरांत हसत पाहिलेलं. चार वर्षांनी एका निनावी खात्याने त्यावर हरकत घेतली आणि जून २०२२ मध्ये दिल्ली पोलिसांनी त्यांना अटक केली. वेगवेगळ्या ठाण्यांतले गुन्हे पुढे येत राहिले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने झुबैर २० जुलैला सुटले. अटक ही शिक्षा म्हणून वापरता येणार नाही, असं न्यायालयाला त्या वेळी सांगावं लागलं.

ही मोठी नावं आहेत, त्यांना सर्वोच्च न्यायालय गाठता येतं. माझ्या ओळखीच्या एका तालुक्यातला मुलगा घ्या, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेला. त्याने गावच्या देवस्थानाच्या वर्गणीचा हिशोब मागणारं एक व्यंगचित्र स्टेटसला ठेवलं. खाली दोन ओळी होत्या, 'हिशोब कधी?' अशा अर्थाच्या. कुणीतरी स्क्रीनशॉट काढला, खालच्या ओळी कापल्या आणि नुसतं चित्र गावच्या ग्रुपवर टाकलं. रात्री नऊपर्यंत ठाण्यासमोर गर्दी जमली. अधिकारी मला म्हणाले, "वकीलसाहेब, पोराच्याच सुरक्षेसाठी आत घेतलंय." ते खोटं बोलत नव्हते. पण जमावापासून ज्याला वाचवायचं त्याच्यावरच कलम लागलं आणि जमावातल्या एकाचंही नाव कागदावर आलं नाही. मुलाचा मोबाईल मुद्देमाल म्हणून जप्त झाला, तपासणीसाठी प्रयोगशाळेत गेला. जामीन झाला, मोबाईल मिळाला नाही. परीक्षेच्या अर्जाचा ओटीपी त्याच नंबरवर यायचा. बापाने ज्या शेजाऱ्याला जामीनदार म्हणून आणलं, त्याच्याही दारात माणसं जाऊन बसली. त्या मुलाने पुन्हा काही लिहिलेलं मी वाचलं नाही. देवस्थानाचा हिशोबही अजून आलेला नाही.

आपल्या राज्याला हे नवं नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला बंदबद्दल फेसबुकवर साधा प्रश्न विचारणाऱ्या मुलीला आणि तो 'लाइक' करणाऱ्या तिच्या मैत्रिणीला अटक झाली. विषय राजकीय, तरी सुरुवातीला लागलेल्या कलमांत २९५अ होतं! त्या घटनेनंतर श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं, ऑनलाइन मजकुराला गुन्हा ठरवणारं कलम ६६अ रद्द झालं. आपण टाळ्या वाजवल्या. ६६अ गेलं, २९५अ राहिलं, आणि जे काम पहिलं करत होतं ते दुसरं करू लागलं.

आता जे बोलायला जड जातं ते बोलतो. हडपसरला जून २०१४ मध्ये एका तरुण मुस्लिम अभियंत्याला जमावाने मारून टाकलं. फेसबुकवर छत्रपती शिवाजी महाराजांची आणि बाळासाहेब ठाकऱ्यांची विटंबना करणारी चित्रं फिरत होती. त्या चित्रांशी या मुलाचा काडीचाही संबंध नव्हता. खटल्यातले आरोपी २०२३ मध्ये निर्दोष सुटले. अमरावतीत जून २०२२ मध्ये रात्री दुकान बंद करून घरी निघालेल्या औषधविक्रेत्याचा गळा चिरला गेला. पैगंबरांबद्दलच्या वादात त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश पुढे पाठवला, हे कारण राष्ट्रीय तपास यंत्रणेने आरोपपत्रात दिलं आहे. एकाच्या मरणावर बोलताना दुसऱ्याचं नाव गिळणारे लोक दोन्हीकडे आहेत. या व्यासपीठावरून दोघांनाही एकाच दमात आठवलं पाहिजे, कारण दोघांना मारणाऱ्यांच्या डोक्यात एकच समजूत होती. आमची भावना दुखावली, आता आम्हाला सगळं माफ आहे.

भावना दुखावते हे मी नाकारत नाही. आषाढीला पायी चालत जाणाऱ्या माझ्या आईसमोर विठ्ठलाबद्दल कुणी वेडंवाकडं बोललं तर तिच्या डोळ्यांत पाणी येई. ते पाणी खरं होतं. पण ती त्या माणसाला उत्तर द्यायची, ठाण्यात जायची नाही. ज्ञानोबांच्या आईवडिलांना वाळीत टाकणाऱ्यांच्याही भावना दुखावल्या होत्या. तुकोबांचा गाथा इंद्रायणीत बुडवायला लावणाऱ्यांच्याही दुखावल्या होत्या. आगरकर जिवंत असताना पुण्यात त्यांची प्रेतयात्रा काढणारे मनापासून धार्मिक होते. ज्यांना आज आपण वंदन करतो त्यांपैकी कितीजण कलम २९९ मधून सुटले असते? बाबासाहेबांचं 'रिडल्स इन हिंदुइझम' १९८७ मध्ये राज्य सरकारने प्रसिद्ध केलं, तेव्हा राम आणि कृष्णावरच्या प्रकरणावरून मुंबईत दोन्ही बाजूंचे मोर्चे निघाले. अखेर प्रकरण राहिलं, सरकार या मतांशी सहमत आहेच असं नाही अशी टीप आली. पुस्तक आजही मिळतं. महाराष्ट्राला हा वाद प्रकरण न गाळता मिटवता आला होता.

आणि तरीही २००९चं महाबळेश्वर आपल्या खात्यावर आहे. 'झोंबी'कार आनंद यादव अखिल भारतीय संमेलनाचे निवडून आलेले अध्यक्ष होते. 'संतसूर्य तुकाराम' या त्यांच्या कादंबरीतल्या तुकोबांच्या तारुण्याच्या चित्रणावर वारकऱ्यांचा आक्षेप आला. त्यांनी माफी मागितली, कादंबरी मागे घेतली, तरी विरोध शमला नाही आणि त्यांना अध्यक्षपद सोडावं लागलं. ते संमेलन अध्यक्षाविना पार पडलं. कादंबरी मलाही पटली नव्हती. तिच्यावर कठोर परीक्षण लिहिता आलं असतं, वारकरी अभ्यासकाने दुसरा ग्रंथ लिहून तिला उत्तर दिलं असतं. आपण खुर्ची रिकामी ठेवली. दहा वर्षांनी यवतमाळच्या संमेलनात लेखिका नयनतारा सहगल यांचं निमंत्रण आयोजकांनीच रद्द केलं. या दोन्ही वेळी न्यायालयाने काही रोखलं नव्हतं. लेखकाला एकटं सोडण्याचा निर्णय साहित्याच्याच मांडवात झाला.

तमिळ कादंबरीकार पेरुमाळ मुरुगन यांना कादंबरीवरच्या वादातून २०१५ मध्ये सरकारी अधिकाऱ्यांसमोर झालेल्या बैठकीत माफीपत्रावर सही करावी लागली, त्यांनी लेखक म्हणून स्वतःचा मृत्यू जाहीर केला. २०१६ मध्ये मद्रास उच्च न्यायालयात न्यायमूर्ती कौल यांच्याच खंडपीठाने त्या माफीपत्राला काही किंमत नाही असं सांगून त्यांना पुन्हा लिहितं केलं. हुसेनांना उशीर झाला, मुरुगन वाचले.

माझं मत स्वच्छ आहे. हिंसेची चिथावणी, दोन समाजांत वैर पसरवणं यांसाठी न्याय संहितेत १९६ आणि ३५३ ही कलमं आहेत. नुसती भावना दुखावली म्हणून माणसाला तुरुंगात टाकणारं २९९ जायला हवं. ते उद्या जाणार नाही, हे वकील म्हणून मला कळतं. म्हणून आज जे हातात आहे ते धरू. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) प्रमाणे तीन वर्षं किंवा अधिक, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत, पोलीस उपअधीक्षकांच्या परवानगीने, गुन्हा नोंदवण्याआधी चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. २९९ या चौकटीत बसतं. खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावर एका कवितेच्या ध्वनिचित्रफितीवरून जामनगरला गुन्हा दाखल झाला होता. २८ मार्च २०२५ रोजी न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान यांनी तो रद्द करताना, अभिव्यक्तीच्या प्रकरणांत ही चौकशी करणं योग्य ठरेल असं सांगितलं आहे. शब्द तोलायचे ते खंबीर मनाच्या माणसाच्या कसोटीवर, असंही सांगितलं आहे. ठाण्यात हा निकाल माहीत नसतो. लेखक संघटनांनी तो छापून प्रत्येक ठाण्यात नेऊन द्यावा.

आज संध्याकाळच्या खुल्या अधिवेशनात मी एक ठराव मांडणार आहे. या जिल्ह्यातली कोणतीही साहित्य संस्था धमकीमुळे निमंत्रण मागे घेणार नाही, जाहीर झालेला कार्यक्रम रद्द करणार नाही. आपल्यापैकी कुणावर लिखाणावरून गुन्हा दाखल झाला, तर पहिल्याच रात्री संस्थेचा पदाधिकारी ठाण्यात हजर असेल. लिखाण पटलं की नाही, याची चर्चा त्यानंतर. विनामूल्य बाजू मांडायला तयार असलेल्या वकिलांची यादी मी करायला घेतली आहे, पहिलं नाव माझं लिहिलं आहे. ठरावाला अनुमोदक हवा आहे. ज्यांची तयारी असेल त्यांनी जेवणाच्या सुट्टीत मला भेटावं.