फोन लावणाऱ्याचा आवाज



2022च्या नोव्हेंबरमध्ये गोवंडीत गोवरची साथ होती. लहान मुलं दगावत होती. त्याच दिवसांत आमच्या खानदानाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक व्हॉइस नोट आली: लस टोचू नका, पुढे औलाद होणार नाही. आवाज बाईचा, बोलणं अगदी घरगुती. माझ्या भाभीनं मुलाचा दुसरा डोस लांबवला. मी सॉफ्टवेअरमधला, घरात कुणाचा मोबाईल अडला की मलाच हाक. पण तो आवाज कुणाचा, हे मलाही शोधता आलं नाही. भाभीची समजूत काढण्यात सहा आठवडे गेले.

तेव्हा मला रेडिओ आठवला. गाण्यांचा नव्हे, बोलण्याचा.

हरियाणात नूह जिल्ह्यातल्या घाघस गावातून 'अल्फाज-ए-मेवात' हे सामुदायिक रेडिओ केंद्र 2012पासून चालतं. जिल्ह्यात बहुसंख्य मुसलमान. तिथे शेती, आरोग्य, शाळा, पंचायत यांवर लोकांच्या बोलीत बोलणं होतं, ऐकणारे फोन करतात. अशा केंद्राचा ट्रान्समीटर छोटा असतो, पल्ला साधारण दहा किलोमीटर. इंजिनिअर म्हणून पूर्वी मला ही उणीव वाटायची. आता वाटतं, ताकद यातच आहे. फोन करणारी बाई कुठल्या घरची, हे निम्म्या गावाला आवाजावरून कळतं. भलतंच काही बोलली तर दुसऱ्या दिवशी नळावर बायका विचारणारच. शिवाय नियमाप्रमाणे कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग तीन महिने जपून ठेवावं लागतं. व्हॉइस नोटला यातलं काहीच नाही. 1 जुलै 2018ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला, मुलं पळवणारी टोळी समजून, भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच जणांना जमावानं ठार मारलं. ती अफवाही मोबाईलवरूनच पसरली होती.

मग असा रेडिओ आपल्याकडे सगळीकडे का नाही? पैसा हे एक कारण. दुसरं, नियम. सामुदायिक केंद्राला आणि खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं, बस. उद्या पाणी येणार नाही, हे सांगायला हरकत नाही. ते का येणार नाही आणि जबाबदार कोण, असं कुणी विचारलं की केंद्र चालवणारा बिचकतो, कारण राजकीय मजकूर चालत नाही. आणि हे कुठल्या देशात? जिथे 1995 साली न्या. पी. बी. सावंत यांच्या खंडपीठानं सांगितलं की रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे! टीव्हीवर रात्रभर आरडाओरडा चालतो, रेडिओवर मात्र बंदी. 2023मध्ये ट्रायनं खासगी एफएमला तासाला दहा मिनिटं बातम्यांची मुभा द्यावी, अशी शिफारस केली. म्हणजे मागणी वेडगळ नाही.

आता थोडं आपल्याबद्दल. चॅनेलवाले आपल्याला बोलावतात ते तलाक आणि हिजाबवर बोलायला. गटार, अंगणवाडी, स्कॉलरशिप यांवर कुणी विचारत नाही. आणि खरं सांगू? आपणही आपणहून बोलत नाही. आकाशवाणीच्या मराठी केंद्रांवर फोन-इन कार्यक्रम होतात. आपल्यापैकी किती जणांनी आजवर तिथे फोन लावलाय? हात वर करा. (दोन हात. एक माझाच.)

गेल्या महिन्यात भाभीनं लावला. तीनदा एंगेज. चौथ्यांदा डॉक्टर लाईनवर आले. मला वाटलं, ही मुलाच्या खोकल्याचं विचारणार. तिनं विचारलं, "आमच्या दवाखान्यात लसीचा वार बदलला, तो आम्हाला कळवत का नाहीत?" हा प्रश्न आरोग्याचा की राजकारणाचा, तुम्हीच ठरवा. डॉक्टर क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "बाई, कुठला दवाखाना?" तिनं दवाखान्याचं नाव सांगितलं, मोहल्ल्याचं सांगितलं, आणि न विचारता स्वतःचंही सांगितलं.