नातवाचा गेम आणि माझी साखर



मी डॉक्टर नाही. सोलापुरात ३२ वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झाले आणि ९ वर्षांपासून मला मधुमेह आहे. या आजारात माणूस ज्या चुका करतो, त्यातल्या बऱ्याच माझ्या करून झाल्यात. तेवढ्याच अधिकारावर बोलते.

दोन वर्षांपूर्वी एका लग्नात नात्यातल्या बाईंनी मला एक चूर्ण सुचवलं. "तीन महिन्यांत साखर मुळापासून जाते, गोळ्या बंद." गोळ्यांना मी कंटाळलेच होते. चूर्ण सुरू केलं, मेटफॉर्मिन बंद केलं. घरात सांगितलं नाही, डॉक्टरांनाही नाही. पुढे रात्री चार-चारदा उठावं लागायला लागलं. पायाच्या बोटाची साधी जखम महिनाभर भरेना. तपासणी केली, तर एचबीए१सी, म्हणजे मागच्या साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारा आकडा, ७.१ वरून १०.४ वर गेला होता.

डॉक्टर रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं, "चूर्णात काय आहे?" मला सांगता येईना. डबीवर काहीच लिहिलेलं नव्हतं.

मग मी वाचायला लागले. मधुमेह बरा करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करायला आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. अमेरिकेत बोस्टन भागातल्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली गेली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १४ उत्पादनांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. म्हणून सगळी देशी औषधं वाईट, असं मी म्हणणार नाही. माझ्या मेटफॉर्मिनचं मूळसुद्धा युरोपातल्या एका औषधी वनस्पतीत आहे. मलेरियावरचं आर्टेमिसिनिन चीनच्या जुन्या वैद्यकातून हाती लागलं आणि त्यासाठी तू यूयू यांना २०१५ चं नोबेल मिळालं. ही औषधं आधी तपासली गेली, मग आपल्या हातात आली. माझं चूर्ण कुणी तपासलं होतं?

आपल्यात हिजामाबद्दलही खूप जण विचारतात. मी तो केलेला नाही. पण मधुमेहात जखम भरायला वेळ लागतो. त्वचेवर काप घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. प्राणायाम मी आजही करते, झोप चांगली लागते. गोळी मात्र सोडत नाही.

गोळ्यांबरोबर डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार आठवड्याला किमान १५० मिनिटं. पण आमच्या मोहल्ल्यात फुटपाथ नाही, पहाटे कुत्री मागे लागतात, आणि एकटी बाई दिसली की लोक विचारतात, "एवढ्या सकाळी कुठे?"

जखम भरल्यावर मी लेकीकडे पुण्याला गेले. नातू टीव्हीसमोर हातात प्लास्टिकची रिंग धरून जागच्या जागी पळत होता. म्हणाला, "नानी, तू पण खेळ ना!" त्या गेमचं नाव 'रिंग फिट ॲडव्हेंचर'. मांडीला पट्टा बांधायचा, आपण पळलो की पडद्यावरचा माणूस पळतो, रिंग दाबली की राक्षसाला मार बसतो. दहा मिनिटांत मी घामाघूम झाले. खालच्या मजल्यावर आवाज जाऊ नये म्हणून पळण्याऐवजी गुडघे वाकवायची सोयही त्यात आहे. डॉक्टरांना फोनवर विचारलं, पायात बूट घातले, आधाराला जवळ खुर्ची ठेवली आणि महिनाभर रोज खेळले. नातू माझे गुण वहीत लिहायचा.

गोळ्या पुन्हा सुरू करून सहा महिने झाल्यावर आकडा ७.४ आला. त्याचं मोठं श्रेय गोळ्यांना. गेमचा वाटा किती, ते मी सांगू शकत नाही. जिना मात्र आता न थांबता चढते.

ते यंत्र महाग, आपल्यापैकी अनेकांना परवडणारं नाही. मलाही सोलापुरात ते घेता आलं नाही. आता दुपारी शेजारच्या चार-पाच जणी माझ्याकडे जमतात. मोबाइलवर गाणी लावतो आणि अर्धा तास नाचतो. पहिल्या दिवशी सगळ्या लाजत होत्या. आता मला उशीर झाला तर दार वाजवतात.

शेवटी एकच विनंती. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल, तेव्हा घरातली ती डबी, ती पुडी, तो काढा, सगळं पिशवीत घालून न्या आणि टेबलावर ठेवा. लाजू नका. मी लाजले, आणि एका बोटाची जखम महिनाभर सांभाळत बसले.