‘बरं शे’ : परगावी गेलेल्या मुलांविषयी चार शब्द

(धर्मग्रामाच्या ज्युबिली महोत्सवात नरडाणे येथे धर्मगुरूंनी केलेले भाषण)



ज्युबिलीचे वर्ष हे हिशेबाचे वर्ष असते. आजवर बाप्तिस्मे किती झाले, लग्ने किती लागली, देवाघरी किती जण गेले, हे सारे आपल्या धर्मग्रामाच्या वह्यांत नोंदलेले आहे. परंतु एका नोंदीसाठी आमच्या दप्तरात वहीच नाही. ती नोंद म्हणजे शिक्षण संपवून, पिशव्या भरून, रात्रीच्या बसने पुण्यास अथवा बंगळूरास निघून गेलेल्या मुलामुलींची. आज त्यांच्याविषयी, आणि त्यांच्याहूनही अधिक येथे मागे राहिलेल्या आपणां सर्वांविषयी, दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत.

गाव सोडून पोटासाठी बाहेर जाणे खानदेशास नवे नाही. आपले स्टेशन सुरत-भुसावळ मार्गावर आहे. या मार्गाने आपल्या किती पिढ्या सुरतेस गेल्या, हे आपणांस ठाऊकच आहे. उधना व लिंबायत या भागांत आजही गल्लोगल्ली अहिराणी कानी पडते. सुरतेस जाणारा मनुष्य एकटा जात नसे. मामा, मेहुणा, शेजारी यांच्या खोलीत तो उतरे, आणि ते सांगतील त्या मागावर कामास लागे. माग बंद पडला तर ते सगळ्या चाळीला कळे. मग तो गाडीत बसून परत येई, पेरणी करी, आणि दिवाळीनंतर पुन्हा जाई. त्याच्या परत येण्याची कोणास लाज वाटत नसे.

आताचे जाणे निराळे आहे. माझे सेमिनरीचे शिक्षण नव्वदच्या दशकात पुण्यास, नगर रस्त्यावरील रामवाडी येथे झाले. त्या काळी खराडीच्या बाजूस फिरावयास गेलो की शेते लागत. आज तेथे काचेच्या उंच इमारती आहेत, आणि मार्च २०२४ पासून मेट्रो रामवाडीपर्यंत येते. हा पालट एका रात्रीत झाला नाही. पुण्यात १९८१ साली सात जणांनी स्थापन केलेली इन्फोसिस १९८३ साली बंगळूरास गेली. १९८५ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स ही अमेरिकन कंपनी त्याच शहरी आली. पुण्यास १९८८ साली सी-डॅक ही सरकारी संस्था निघाली व १९९१ साली तिने ‘परम’ हा महासंगणक तयार केला. पुढे औद्योगिक विकास महामंडळाने हिंजवडीस संगणक उद्योगाची वसाहत उभारली. इकडे जळगावास १९९० साली विद्यापीठ झाले, जिल्ह्याजिल्ह्यांत अभियांत्रिकीची महाविद्यालये निघाली, आणि कापूस वेचणाऱ्या आईचा मुलगा संगणकाची भाषा शिकू लागला. ही आनंदाची गोष्ट आहे. तिला कमी लेखण्याचा माझा मुळीच हेतू नाही.

परंतु आपण येथे बसून या मुलांच्या वेतनाविषयी जे बोलतो, ते पुष्कळदा अज्ञानाचे असते. मोठ्या कंपन्यांत नवागताचे वार्षिक वेतन गेली कित्येक वर्षे साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळत आहे. आपण त्यास बाराने भागतो व म्हणतो, महिना २९,००० झाले. एका मुलाने मजसमोर कागदावर मांडलेला हिशेब असा होता : कंपनीने भरावयाचा भविष्यनिर्वाह निधी व ग्रॅच्युइटी त्या आकड्यातच धरलेली, काही भाग वर्षअखेर काम पाहून मिळावयाचा, हाती आले २४,०००. खोलीत तिघे, तरी भाडे व जेवण मिळून ११,०००. जाणे-येणे, फोन, औषधपाणी ४,०००. शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता ५,०००. उरले ४,०००, आणि त्यांतून घरी काय पाठवावे याचा विचार. गावात मात्र त्याच्या घराकडे बोट दाखवून ‘यांना आता काय कमी’ असे बोलले जात होते.

आता मी माझ्या स्वतःच्या चुकीकडे येतो. ज्याच्याविषयी सांगणार आहे, त्याची संमती घेतली आहे. हे मी प्रायश्चित्त संस्कारात ऐकलेले नव्हे, हेही स्पष्ट करतो.

काही वर्षांपूर्वी एका तरुणास पुण्यास नोकरी लागली. त्याचे वडील कोरडवाहू शेतकरी. मला इतका हर्ष झाला की, रविवारी मिस्सा संपल्यावर मी वेदीवरूनच त्याचे नाव व त्याचे वार्षिक वेतन जाहीर केले. टाळ्या झाल्या. वडिलांनी डोळे पुसले. मला वाटले, इतर मुलांना स्फूर्ती मिळेल.

तीन वर्षांनी त्याचे काम सुटले. दोष त्याचा नव्हता. ज्या परदेशी ग्राहकासाठी तो व त्याचे सोबती खपत होते, त्याचे काम संपले. काही आठवडे त्यांना बिनकामाचे बसवून ठेवले, व मग राजीनामे मागितले. त्यानंतर पाच महिने हा मुलगा रोज सकाळी पाठीला बॅग लावून खोलीतून निघे व एका वाचनालयात जाऊन बसे. घरी पाठवावयाचे पैसे तो प्रथम शिलकीतून व पुढे फोनवरून घेतलेल्या जबर व्याजाच्या कर्जातून पाठवी. दर रविवारी वडील विचारीत, ‘कसं शे?’ तो म्हणे, ‘बरं शे.’ मग तो विचारी, ‘तुमचं?’ वडील म्हणत, ‘बरं शे.’ त्याच वर्षी गुलाबी बोंडअळीने वडिलांचा निम्मा कापूस खाल्ला होता, व त्यांनी बैलजोडी विकली होती. दोघेही एकमेकांस जपत होते, आणि त्या जपण्याने दोघेही एकटे पडले होते.

नाताळात तो आला तेव्हा मी त्यास सहज विचारले, ‘काय, पगार वाढला की नाही?’ तो खाली पाहून म्हणाला, ‘फादर, माझा पगार तुम्ही वेदीवरून सांगितलात. तो गेला, हे मी कोठून सांगू?’

बंधुभगिनींनो, त्या रात्री मला झोप आली नाही. त्या मुलाच्या परतीच्या वाटेवर जो धोंडा होता, तो मी स्वतःच्या हाताने ठेवला होता.

असे काम सुटणे ही आता विरळा गोष्ट राहिलेली नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये मेटा या कंपनीने सुमारे ११,००० व जानेवारी २०२३ मध्ये गूगलने सुमारे १२,००० माणसे कमी केली. हुशार माणसांचीही ही गत होते. याउलट २०२० साल आठवा. टाळेबंदी लागली आणि पुण्याहून, बंगळूरहून मुले घरोघरी परतली. कोणी गच्चीवर, कोणी गोठ्याच्या ओट्यावर फोनची रेंज शोधीत काम करीत बसले. त्या वर्षी ‘का आलास?’ असे कोणी कोणास विचारले नाही. सगळेच आले होते, म्हणून कोणालाही कारण द्यावे लागले नाही. मग एकटा परत येणाऱ्यास आपण कारण का विचारावे?

उधळ्या पुत्राचा दाखला आपण लहानपणापासून ऐकतो. त्या मुलाने तर सारे उडविले होते; तरीही बापाने प्रथम हिशेब मागितला नाही. आपल्या मुलांनी काही उडविलेले नसते, त्यांचे केवळ काम सुटलेले असते. त्यांच्या वाट्याला त्याहून कमी माया येऊ नये, एवढेच माझे मागणे आहे.

म्हणून आईबापांना माझी विनंती अशी : चारचौघांत मुलाचा पगार सांगू नका व दुसऱ्याच्या मुलाचा विचारू नका. शेतीत नुकसान झाले, घरात आजारपण आले, तर ते त्यास सांगा. तुम्ही खरे बोललात तर त्यासही बोलण्याचे धैर्य होईल. निघणाऱ्या मुलामुलींस सांगतो : पहिल्या वर्षी घरी मोठी रक्कम धाडण्यापूर्वी तीन महिन्यांचा खर्च स्वतःजवळ साठवा. फोनवरील झटपट कर्जास हात लावू नका. आणि तेथे एक तरी माणूस असा जोडा की, काम सुटले तर त्याच दिवशी त्यास सांगता येईल.

त्या मुलाबरोबर मी त्याच्या घरी गेलो होतो. त्याने सांगितले. वडील पुष्कळ वेळ गप्प राहिले, आणि मग गोठ्याकडे बोट करून बैलांचे सांगू लागले. आईने उठून चुलीवर तवा ठेवला. आज तो पुन्हा पुण्यात आहे. वेतन पहिल्याहून कमी आहे, पण कर्ज फिटत आले आहे.

मी वेदीवरून पुन्हा कोणाचे वेतन सांगणार नाही. त्याऐवजी या ज्युबिलीपासून एक नवी वही घातली आहे. तिच्यात बाहेर गेलेल्या प्रत्येकाचे नाव, शहर व फोन लिहावयाचा आहे. पगाराचा रकाना ठेवलेला नाही. मिस्सा झाल्यावर ती दाराशी टेबलावर असेल. आपापल्या घरचे नाव लिहून मगच जेवणास जावे. दर महिन्याला मी त्यांतील काही जणांना फोन करीन, आणि कोणी ‘बरं शे’ म्हणाले तर पुन्हा एकदा विचारीन.

प्रभू आपणां सर्वांचे, जवळच्यांचे व दूर गेलेल्यांचे, रक्षण करो.