कपाटांपाशी रेंगाळणारी मुलं

विद्यापीठाच्या ग्रंथालयात देवघेवीच्या टेबलापाशी माझी बावीस वर्षं गेली. तिथली दोन मुलं अजून आठवतात. दोघं भौतिकशास्त्राची, एकाच वर्गातली. तिची पुस्तकं मुदतीच्या आदल्या दिवशी परत यायची, आत खुणेला बसचं तिकीट, पानावर पेन्सिलीची एक रेघ नाही. तो यायचा क्वांटम मेकॅनिक्सचं पुस्तक न्यायला, तासभर कपाटांमधून फिरायचा आणि घेऊन जायचा ‘कोसला’. दंड भरायचा आणि पुन्हा यायचा. परीक्षेत ती वरच्या नंबरात, तो कसाबसा पास. लोक त्याला आळशी म्हणत. मला ते कधीच पटलं नाही.

मानसशास्त्रात स्वभावाचे पाच प्रमुख पैलू मानतात. त्यांतल्या नेटकेपणाचा, शिस्तीचा संबंध परीक्षेतल्या यशाशी असल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. नव्या अनुभवांची ओढ हा वेगळा पैलू. ती ज्यांना जास्त, ती माणसं कथा-कादंबऱ्यांकडे, कलांकडे वळताना दिसतात. म्हणजे अभ्यासाचं वाचन आणि आवडीचं वाचन एकाच मुळातून येतं असं नाही. बोलक्या मुलांचं आणखी निराळं. वाचलेलं सांगायला चार जण भेटले, की ती वाचतात. आणि धास्तावलेला एखादा परीक्षेआधी एकाच विषयाची पाच पुस्तकं उचलतो आणि एकही उघडत नाही. अशा मुलाच्या हातात मी एकच पुस्तक ठेवायची आणि शेजारी बसवायची.

मूळचे गणिताचे प्राध्यापक असलेल्या डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे, हा त्यांतला दुसरा. कपाटं वाचकांना खुली असावीत, असाही त्यांचा आग्रह होता. आपल्याकडे मात्र कित्येक महाविद्यालयांत आजही चिठ्ठी लिहून द्यायची आणि खिडकीशी थांबायचं. जिला नेमकं पुस्तक माहीत आहे, तिचं काम होतं. रेंगाळणाऱ्याचं काय?

परवा अशाच एका महाविद्यालयात गेले होते. ग्रंथपालांना विनंती केली, तेव्हा त्यांनी कपाटांच्या खोलीचं कुलूप काढलं. खिडकीशी उभी असलेली प्रथम वर्षाची एक मुलगी माझ्या मागोमाग आत आली. तळच्या कप्प्याशी फरशीवर बसली आणि एकेक पुस्तक काढून पाहू लागली. हातातली चिठ्ठी कोरीच होती.