पाऊस तिकडे, पूर इकडे
(प्रभाग संघाच्या बैठकीतील भाषण)



पावसाळा आला की आपण पोरांना एकच सांगतो, "नदीवर जाऊ नकोस." का, ते सांगत नाही. म्हणून पोरं ऐकतही नाहीत.

आपल्या तानसा नदीचं बघा. मुंबईला पाणी देणारा तानसा तलाव शहापूर तालुक्यात. तो भरून वाहू लागला की जास्तीचं पाणी नदीतून आपल्याकडे येतं. म्हणजे भाताण्याला ऊन असलं तरी पांढरतारा पूल पाण्याखाली जाऊ शकतो. पोरगं आभाळाकडे बघतं, "पाऊस थांबला" म्हणतं आणि दप्तर घेऊन पुलावर जातं. वाहतं पाणी गुडघाभर असलं तरी मोठ्या माणसाचा पाय सुटतो, मग त्याचं काय?

दुसरी गोष्ट भरतीची. ही तुम्हीच मला शिकवाल! पुनवेला-अवसेला दुपारी बाराच्या सुमारास मोठी भरती. खाडी भरलेली असताना नदी-नाल्याचं पाणी जाणार कुठे? ते मागे तुंबतं. पोरांना तिथी बघायला शिकवा, कॅलेंडर घरात आहेच.

आणि पूर दिवसा आला तर घरी कोण असतं? तुम्ही कुणी शेतावर, कुणी भाजी घेऊन बाजारात, कुणी कंपनीत. घरी म्हातारी आणि मुलं. निर्णय त्यांनाच घ्यायचा आहे.

म्हणून येत्या बैठकीला मुलांना सोबत आणा. अंगणात रांगोळीने पाड्याचा नकाशा काढायला लावा: नदी, पूल, शाळा, उंचावरची घरं. मागच्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते आजीला विचारून विजेचा खांब सोडून दुसऱ्या कशावर तरी, भिंतीवर किंवा झाडावर, गेरूने खूण करा. गरोदर बाई कुठे, अंथरुणावरचे आजोबा कुठे, हे मुलांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

आईचा नंबर तोंडपाठ हवा. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी आलं, गाड्या थांबल्या, वसईत वीज गेली. चार्जिंग संपलेल्या मोबाईलमधला नंबर काय कामाचा? सोबत ११२ आणि जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ पाठ करून घ्या.

रेशनकार्ड, आधार, गटाचं पासबुक प्लास्टिकच्या एकाच पिशवीत ठेवा आणि ती कुठे टांगली आहे ते मुलांना दाखवा. पण पाणी घरात शिरलं तर पिशवी राहू दे, आधी उंचावर जायचं, हेही सांगा.

प्रत्येक पाड्यात दिवसा घरी असणारी एक ताई ठरवा. "आई नसेल तर हिच्याकडे जायचं," हे मुलांसमोरच ठरवा आणि तिचं नाव गटाच्या रजिस्टरमध्ये लिहा.